मंडणगड तालुक्याची बैठक

सोहारच्या कॉलेजचं मैदान माझ्या हवाली आहे.
कंत्राटात लिहिलंय : हिरवळ, पाणी, चुना, जाळी.
सिमेंटच्या पाच पायऱ्या, वर पत्रा.
दोनशे चाळीस माणसं मावतात, असं पाटी म्हणते.
मी सर्वांत जास्त मोजली ती एकतीस,
त्यातली दोन हॉस्टेलचा एसी बंद पडला म्हणून आलेली.

उन्हाळ्यात सामने इशानंतर.
समुद्राकडून हवा येते ती न पिळलेल्या टॉवेलासारखी,
आणि माझ्या पाण्याला गटाराचा वास येतो;
शुद्ध केलेलं असतं, तरी येतोच.
मेकॅनिकलची पोरं सिव्हिलच्या पोरांना हरवतात.
चेंडू कुंपणाबाहेर खजुरांत गेला
की सगळे माझ्याकडे बघतात.

परवा भाच्यानं व्हिडिओ धाडला, मिशिगनहून.
मामू, हे आमच्या कॉलेजचं स्टेडियम.
एक लाख सात हजार.
म्हटलं, मुद्दस्सर, एक शून्य जास्त पडलं काय रे?
नाही मामू. सामना असला की शनिवारी भरतं.

एवढी माणसं, विशीतल्या पोरांना बघायला!
चेंडू काखेत मारून पळतात, तरी त्याला फुटबॉल म्हणायचं.
चेंडू तरी कसला,
फणसाची कुयरी.

व्हॉल्व्ह मध्यरात्रीपर्यंत चालू ठेवायचा असतो.
तोवर खालच्या पायरीवर बसून हिशेब केला.
आमचा अख्खा मंडणगड तालुका,
मागच्या शिरगणतीत बासष्ट हजारांच्या आसपास.
तान्ही पोरं, अंथरुणाला खिळलेले, सगळे धरून.
सगळ्यांना उचलून तिथं नेलं
तरी पंचेचाळीस हजार जागा रिकाम्या.

मग बसवायलाच लागलो.
म्हाप्रळकर सावलीच्या अंगाला, कारण बसवणारा मी.
बाणकोटवाले म्हणाले, खाडी दिसेल तिकडे द्या;
खाडी नाही तिथं, ते नंतर सांगू.
वेळासवाले अगदी खाली,
कासवांपायी वाकून बघायची सवय आहे त्यांना.
बांधावरून बोलणं तुटलेल्या दोघा भावांत
चाळीस खुर्च्या सोडल्या.
एका चाचीला जिना चढवेना, तिला खांद्यावरून नेली,
वाटभर ती विचारत राहिली, चहा मिळतो का वर.

उरलेल्या पंचेचाळीस हजारांत
शिरगणतीच्या दिवशी जे घरी नव्हते ते बसवले.
जुबैलचे वेल्डर, कुवेतचे आचारी,
मस्कतला कापड कापणारे, मीरा रोडला उतरून
तिथंच राहिलेले.
नावं आठवत गेलो, जागा संपेनात.
अब्बा अजमानच्या मातीत आहेत.
त्यांना कडेची खुर्ची दिली,
पाय लांब करता येतील अशी.

सगळे बसले. खोकून झालं, पोरं गप्प केली.
एक लाख माणसं समोर बघायला लागली
आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं
की खेळायला कुणाला बोलावलंच नाही.
खाली नुसतं ओलं गवत,
गवतात मी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

वरून कुणीतरी ओरडलं,
अरे शराफत, तू काय करतोस तिथं?

जबाब सुचेना. पाइप या हातातून त्या हातात घेतला.

फोन काढून भाच्याला लिहिलं :
एवढ्या मोठ्या मैदानाला पाणी कोण मारतं, विचारून सांग.
त्याच्याकडे दुपार असणार. लगेच उत्तर आलं.
मामू, तिथलं गवत प्लास्टिकचं आहे.

पुन्हा वाचलं.
बारा वाजून गेले होते.
व्हॉल्व्ह आणखी दहा मिनिटं चालू ठेवला.